तेरावी खुर्ची

"बाई, तू ऊठ जरा. तुले शेवटी घेऊ."

चर्चच्या मंडळीचे पंच म्हणाले. सगळ्यांसमोर. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि मी सातव्या खुर्चीत बसले होते. चपला काढून, पाय पुढे करून. पंच माझ्या टाचांकडे पाहत होते.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे धुतले, म्हणून. नावं आदल्या रविवारी चिठ्ठ्या काढून ठरतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच डब्यात बायकांच्याही चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली.

मी नगरपंचायतीत सफाई कामगार. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव कशाला सांगू? नाल्या काढते. आठवडी बाजार उठला की तो झाडते. माझा बा पण हेच करायचा. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं, देव बदलला. झाडू तोच राहिला. पंचांचे आजोबाही त्याच सुमारास ख्रिस्ती झाले, पण शेतीवाडीसकट. चर्चमध्ये जात पाळत नाही, असं आमच्याकडे सगळे छातीवर हात ठेवून सांगतात. फक्त पुढची बाकं कुणाची आणि मागची कुणाची, हे लहान पोरालाही पाठ आहे.

त्या गुरुवारी मी काम संपवून घरी आले आणि तासभर पाय घासले. दगडाने घासले, लिंबू चोळलं. टाचांच्या भेगांतला काळेपणा जाईना. वीस वर्षांचा आहे तो, लिंबाला काय ऐकणार!

बाकीचेही घरून पाय धुऊनच येतात. साबण लावून, वरून पावडर मारून. पाळकसाहेब धुतलेलेच पाय धुतात. बारा जण झाले तरी घंगाळातलं पाणी जसंच्या तसं स्वच्छ, आणि आमच्या मंडळीला त्याचा केवढा अभिमान! ते पाणी मग दाराजवळच्या मोगऱ्याला घालतात.

मी उठले. सवयच तशी. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या खुर्चीत पंचांचा पुतण्या येऊन बसला. पाळकसाहेबांनी हातातला टॉवेल तसाच धरून एकदा माझ्याकडे पाहिलं. सहाव्यानंतर त्याचे पाय धुतले, मग आठवा, नववा. बारा पुरे झाले. 'शेवटी' म्हणजे कधी, हे मला तेव्हा कळलं.

गाणं सुरू झालं. तेवढ्यात पंचांच्या बायकोने मला खुणेने बोलावलं.

"बाई, हे पाणी तेवढं मोगऱ्याले टाकून दे वं. तू उभीच हायेस ना."

माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी प्रार्थना वगैरे काही आठवली नाही. बा आठवला. मी लहान असताना मागच्या बाकावर बसून त्याला विचारलं होतं, मशीहा येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तर मग ओळखला का नाही? बा म्हणाला होता, "लोकं घोड्यावरच्या राजाची वाट पाहून राह्यलते. थो आला सुताराच्या घरातून. कसा ओळखतील?"

बा जन्मभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात गेला. पण हे एक त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी घंगाळाकडे पाहिलं. कमरेला टॉवेल गुंडाळायचा, खाली बसायचं, दुसऱ्याच्या पायाची घाण आपल्या हाताने काढायची. त्या काळी हे घरच्या चाकराचं काम होतं. म्हणजे माझं काम. ज्याला हे लोक प्रभू म्हणतात, मशीहा म्हणतात, तो मरणाच्या आदल्या दिवशी माझं काम करत होता. इतकी वर्षं बायबलचं वाचन ऐकत होते. हे माझ्या डोक्यात कुणी शिरू दिलं नव्हतं.

मी घंगाळ उचललं नाही. सातवी खुर्ची रिकामी झाली होती. ती ओढली, बसले आणि दोन्ही पाय पाण्यात घातले.

गाणं थांबलं. मी भेगा चोळल्या. एकेक भेग, सावकाश. पाणी करडं झालं, मग काळं.

पंच धावत आले. "नासवलं ना पाणी! मशीहा राजा हाये, बाई. राजाच्या दरबारात नीट होऊन या लागते!"

"दरबार नव्हता, काकाजी," मी म्हटलं. "जेवाची खोली होती. अन् राजा खाली बसला होता."

मग त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे वळले. "आता टाका मोगऱ्याले."

ओल्या पायांनी बाहेर पडले. दारापर्यंत फरशीवर माझी पावलं उमटली. रडले नाही.

घंगाळाला कोणी हात लावला नाही. पायाने ढकलून कोपऱ्यात सरकवलं होतं म्हणे. रविवारी ईस्टरच्या उपासनेला गेले तेव्हाही तिथेच होतं, आतून काळा थर धरलेलं. वीस वर्षं चर्च मी फुकट झाडलं होतं. सेवा म्हणून. त्या दिवसापासून बंद केलं.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "बाई, माफ करून टाक."

"केलं माफ," मी म्हटलं. "अन् खुर्ची?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

उद्या पुन्हा पवित्र गुरुवार आहे. यंदा चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. बारा नावं पंचांनी स्वतः ठरवली, माझं त्यात नाही. ठीक आहे.

माझ्या घरी एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. उद्या नाली काढून झाली की ती घेऊन सरळ चर्चमध्ये जाणार. लिंबू नाही, साबण नाही. पायाला गाळ असेल तसा. बारा खुर्च्यांच्या शेजारी माझी तेरावी मांडणार. पाळकसाहेबांना जमलं तर त्यांनी खाली बसावं. नाही जमलं तर उपासना संपेपर्यंत मी तशीच बसेन, पाय पुढे करून.

'ऊठ' म्हणणारे म्हणतील. मी उठणार नाही.