धुळीच्या पायांचं कोर्ट

श्रीनिवासला आम्ही पाठीमागे 'न्यायाधीश' म्हणायचो, कधीकधी तोंडावरही. मूळचा पुण्याचा, इथे परदेशातल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक संशोधक, शहराच्या बिशान भागात भाड्याच्या खोलीत राहायचा. चाळिशी उलटली तरी सडाफटिंग. त्याच्या अभ्यासाचा विषय ऐकून लोक आधी हसायचेच: सात-आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या जत्रांमध्ये भरणारी कोर्टं. गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्यांचे पाय धुळीनं माखलेले, म्हणून नाव पडलं धुळीच्या पायांचं कोर्ट. तक्रार आली की तिथल्याच व्यापाऱ्यांतून पंच बसवायचे आणि जत्रा उठायच्या आत निकाल द्यायचा. उद्या कोण कुठे असेल याचा काय नेम?

"आपली जत्रा तरी काय वेगळी आहे, विनीताताई?" असं तो मला म्हणायचा. आमची जत्रा म्हणजे एका हॉलमधली तीन दिवसांची दिवाळी विक्री. पुण्या-मुंबईहून बायका साड्या, फराळ घेऊन यायच्या आणि रविवारी रात्रीच्या विमानानं परत जायच्या. भांडणं व्हायचीच. व्यवस्था माझ्याकडे, आणि माझं डोकं लवकर तापतं. म्हणून मीच त्याला कोपऱ्यात एक टेबल मांडून दिलं. दोन वर्षं त्यानं छान निवाडे केले. खोटं कशाला बोलू, त्या टेबलाशी बसला की तो एरवीपेक्षा उंच दिसायचा.

दोन हजार चौदाचा तो रविवार. दुपारी साडेचारला सुचित्रा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ईस्ट कोस्टच्या घरून, तणतणत आली. शुक्रवारी घेतलेल्या इरकलीच्या पदरावर चटणी सांडली म्हणून तिनं ती धुतली, तर काठाचा लाल रंग साडीभर पसरला. साडी विकली होती पुण्याच्या सुलेखाताईंनी. सहा वर्षं त्या येत होत्या.

"मी प्रत्येक पिशवीत चिठ्ठी घालते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मिठाच्या गार पाण्यात वेगळी धुवा म्हणून. यांच्याही पिशवीत घातलीय. घरी जाऊन कुणीतरी बघून या."

"चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती," सुचित्रा म्हणाली.

ती चिठ्ठी घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सुचित्रा माझी मैत्रीण. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

सुलेखाताईंचं विमान आठचं होतं आणि हॉल पाचला रिकामा करायचा होता. श्रीनिवासनं घड्याळ पाहिलं. "हे कोर्ट थांबत नसतं," तो म्हणाला. हॉलमधल्याच लोकांतून बसवलेल्या तिघा पंचांनी माना डोलावल्या आणि माइकवरून निकाल झाला: सुलेखाताईंनी गिऱ्हाइकाला फसवलं, पुढच्या वर्षी त्यांना स्टॉल नाही. लगेच चार बायका घेतलेल्या साड्या परत करायला आल्या. सुलेखाताईंनी मान वर न करता गाठोडी बांधली.

गुरुवारी चिठ्ठी सापडली. सुचित्राच्या मुलीनं, जाईनं, ती गोष्टीच्या पुस्तकात खूण म्हणून घातली होती. पोर इथल्या शाळेतली, मराठीचं अक्षर ओळखत नाही. "आय थॉट इट्स द रिसीट, लाह," इथल्या बोलीत म्हणाली. सुचित्रानं मला कळवलं, मी श्रीनिवासला.

त्यानं पुण्याला फोन करून माफी मागितली. सुलेखाताई म्हणाल्या, "हॉलभर माणसांदेखत झालं, भाऊ. ते फोनवर कसं पुसलं जाईल? त्याच लोकांसमोर सांगा."

मग त्यानं तोच ध्यास घेतला. जूनमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं, इथे राहायचा पासही संपला, आणि तो पुण्याला परतला. दिवाळीला मात्र पाहुणा म्हणून आला, सुलेखाताईंना स्वतःच्या खर्चानं घेऊन. मी त्याच्या हातात माइक दिला.

"निकाल चुकीचा होता," तो म्हणाला. "या बाई खऱ्या होत्या. घाई माझी, दोष माझा." लोकांनी वर पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि परत चकल्या निवडायला लागले. कशाबद्दल चाललंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिघा पंचांपैकी कुणी आलं नव्हतं. सुचित्राच्या नवऱ्याची सिडनीला बदली झाली होती. कुणाचा पास संपला, कुणी नोकरी बदलली. वर्षभरात माणसंच बदलली होती.

सुलेखाताईंनी हॉलभर नजर फिरवली. "त्या दिवशीचं इथं कोण आहे, भाऊ?"

जत्रा उठली की माणसं पुन्हा भेटत नाहीत, हे आम्हाला श्रीनिवासनंच शिकवलं होतं.

मला राहवलं नाही. मी पुढे झाले. "मी आहे ना, ताई. चिठ्ठी घालताना मी पाहिलं होतं तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही तर तेव्हाही होतात," त्या म्हणाल्या.

श्रीनिवासनं माइक टेबलावर ठेवला. वर्षभर ज्या दोषानं त्याची झोप उडवली होती, त्यातला निम्मा माझा होता, हे त्याला तेव्हा कळलं. सुलेखाताईंची पिशवी उचलून तो त्यांच्यासोबत दाराकडे चालू लागला.