हवालदार खोतांचा डावा बूट

सीमेवरच्या आमच्या पोस्टवर सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची हजेरी, सकाळी ०७०० वाजता होत असे. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नायक. डॉक्टर रजेवर असले की किरकोळ तक्रारींचा निर्णय मीच घेई.

रेडिओ ऑपरेटर हवालदार शिवराम खोत त्या परेडला एकदाच आले. वय चाळीस, बिड्यांचे व्यसन जुने. चालताना डावी पोटरी आवळते, थांबलो की सुटते, असे त्यांनी सांगितले. त्यांचे बूट आरशासारखे चमकत होते. ते काढायला सांगणे मला उस्तादांचा, माझ्या वरिष्ठांचा, अपमान वाटला. मी रजिस्टरमध्ये 'औषध आणि ड्यूटी', म्हणजे गोळी घेऊन कामावर, असे लिहिले. वर म्हणालो, "उद्या लांबची गस्त आहे, म्हणून पोटरी आठवली का, उस्ताद?"

ते हसले. "लिही बाबा. जातो."

दुसऱ्या दिवशी १०४० वाजता पोस्टच्या रेडिओ सेटवर त्यांचाच आवाज आला.

"एक जवान चालू शकत नाही. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"जवान कोण? ओव्हर."

"मीच. ओव्हर."

त्यांना पोस्टवर आणले, बूट मी तेव्हा काढला. पाऊल गार होते, अंगठा काळा. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. चौकशीत त्यांनी माझे नाव घेतले नाही.

आता मी शहरात, हाटकेश वस्तीत राहतो. दर रविवारी आम्ही काही माजी सैनिक लोकांचे पाय तपासतो. जवळच्या पूनम सागर वसाहतीतल्या मधुमेही नोकरदारांचे पाय बधिर असतात. दुखत नाही, म्हणून तक्रारही नसते. किनाऱ्यावरच्या उत्तन गावचे बिडी ओढणारे खलाशी पोटरी धरून थांबतात आणि वयाला दोष देतात. बायका घरातल्या सर्वांची तपासणी झाल्यावर येतात.

उत्तनच्या मासळीवाल्या रोझीबाई चप्पल काढायला तयार नव्हत्या. "फौजी, दुखत न्हाय. नुसता थंड हाय."

मी चप्पल काढायला लावली. पावलावर नाडी लागली नाही. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात पाठवले. रक्तवाहिनी मोकळी झाली, पाय वाचला. आता रोझीबाईच रांगेतल्या बायकांना चप्पल काढा म्हणून दटावतात.

खोत उस्ताद गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले. वहिनींनी मला त्यांचा डावा बूट दिला. शनिवारी मी त्याला पॉलिश करतो, रविवारी तो टेबलावर ठेवतो. कोणी विचारले, तर सांगतो: हा हवालदार शिवराम खोत यांचा. यातला पाय मी वेळेवर पाहिला नाही. स्वतःच्या स्ट्रेचरचा संदेश त्यांनी स्वतः दिला, आणि त्यांचा आवाज हलला नाही.