प्लास्टिकखालची कॉफी

ताईची कॉफी मी खराब केली, आणि दोन हंगाम ती तिचीच चूक आहे असं तिला वाटू दिलं.

माझी थोरली बहीण चिखलदऱ्याला दिलेली. घरामागच्या उतारावर तिची कॉफीची झाडं आहेत. पूर्वी ती कच्चं-पिकलं सगळं फळ एकदम ओरबाडून व्यापाऱ्याला द्यायची. ठाण्याच्या कोपरीत एका छोट्या गाळ्यात कॉफी भाजणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या झाल्या. त्यांनी ताईला सांगितलं, फक्त लाल फळं तोडा, नीट वाळवा, चव जमली तर सगळा माल मी घेईन. ताईने ते मनावर घेतलं. एकाच झाडाकडे ती पुन्हा पुन्हा जायची आणि पिकलेलं तेवढंच खुडायची. साल काढलेल्या चिकट बिया टाकीत आंबवायच्या, बोटांनी चोळून बघायच्या, बुळबुळीतपणा गेला की धुवून जाळीवर पातळ पसरायच्या आणि हलवत राहायच्या. पहिल्या वर्षीच्या कपात गुळाची आणि संत्र्याच्या सालीची चव लागली. बाई खूश झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मी रजा काढून मदतीला गेलो. ताई आणि भावोजी वाळवण माझ्यावर सोपवून परतवाड्याला लग्नाला गेले. संध्याकाळी आभाळ भरून आलं. आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवर ढग दिसला की पापड गोळा करायचे, हीच मला सवय. मी अर्धवट ओल्या बियांचा ढीग केला आणि वर प्लास्टिक घट्ट दाबलं. पाऊस आलाच नाही. सकाळी प्लास्टिकला आतून पाणी सुटलं होतं आणि बिया कोमट लागत होत्या. मी त्या परत पसरून ठेवल्या. ताई दुपारी आली. तिला काही सांगितलं नाही.

ताई तो माल घेऊन आली आणि कोपरीत कप समोर आले तेव्हा बाई म्हणाल्या, ओल्या गोणपाटासारखा वास येतोय. ताईने पुन्हा एक घोट घेतला. टाकीत जास्त वेळ राहिली असणार, माझाच अंदाज चुकला, असं ती म्हणाली. मी कप विसळायला उठलो.

त्यानंतरच्या हंगामात तिने आंबवण्याचा वेळ कमी केला. या वेळी वास नव्हता, पण चवही नव्हती. बाईंनी माल घेतला नाही.

या मे महिन्यात ताई आमच्याकडे आली होती. आम्ही गच्चीवर बसलो होतो, शेजारी बायकोचे पापड वाळत होते. ताई म्हणाली, आता पुन्हा सगळं व्यापाऱ्यालाच द्यायचं ठरवलंय.

"मला टाकीचं कळत नाही रे. उगाच हात दुखवून घ्यायचे."

तेवढ्यात जरा मळभ आलं आणि मी पापड उचलायला लागलो.

"अरे, तो ढग मुंब्र्याकडे चाललाय. तुम्हा डोंबिवलीकरांना नुसती पळापळ," ती हसून म्हणाली.

मी हातातले पापड खाली ठेवले आणि ती लग्नाला गेलेली रात्र तिला सांगितली. ढीग, प्लास्टिक, आतलं पाणी.  शेवटी तिने विचारलं, "कोपरीत का नाही बोललास?"

"भीती वाटली. तुझी टाकी बरोबर होती, ताई. पहिल्या वर्षी केलंस तेच बरोबर होतं. माझ्यामुळे तू ते बदललंस. माझं चुकलं. मला माफ कर."