लाजवंतीचा डबा

"पल्मनरी टीबी," ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचून सांगितलं. म्हणजे फुप्फुसांचा क्षय. किमान सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस खंड नको. आणि पोटभर खाणं. वजन अडतीस किलो होतं.

रुग्ण लाजवंती. सिंधमधून नवऱ्यासह ग्वाल्हेरला येऊन तिला दोन महिने झाले होते. शिंदे की छावनीत आमच्या शेजारी त्यांनी खोली घेतली होती. खोकला तिकडचाच, प्रवासात त्याकडे कुणी पाहिलं नाही. नवरा राहण्याच्या परवान्यासाठी कचेऱ्यांत असे, म्हणून तपासण्यांना सोबत मी जाई.

खाण्याचं माझ्या पत्नीने, सुनंदाने, अंगावर घेतलं. रोज सकाळी डबा: अंडी, वरण, शेंगदाण्याचा लाडू, वाटीभर तूप. संध्याकाळी डबा घासूनपुसून परत येई, पण रिकामा कधीच नाही. कधी गोड पोळी, कधी शिरा. आम्ही आवडीने खात होतो.

दोन महिन्यांनी खोकला कमी झाला. वजन अडतीसच. गोळ्या चुकल्या नव्हत्या. मी डॉक्टरीणबाईंना डब्यातले जिन्नस सांगितले.

त्यांनी लाजवंतीलाच विचारलं, "घी का क्या किया?"

"कल शीरा बनाया था. भाईसाहब के डिब्बे में."

"वाह, भाईसाहब! मरीज़ का घी आप खा रहे हैं?"

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं.

ती त्याच दुपारी लाजवंतीकडे गेली. लाजवंती म्हणाली, "भाभी, खाली डिब्बा कैसे लौटाऊँ? घर छूटा है, रीत नहीं छूटी."

"हे तर आपल्याकडेही आहे," सुनंदा मला म्हणाली. "नाही कसं म्हणू?" तिने तोड काढली आणि लाजवंतीला सांगितली: परत येणाऱ्या डब्यात फक्त चिमूटभर साखर. जास्त घातलं तर डबा घेणार नाही.

पुढे रोज डब्याच्या तळाशी साखरेचे चार दाणे येत राहिले.

कुणी असा डबा पाठवत असेल, तर परत काय येतं तेही पाहावं. ते आम्हाला उशिरा कळलं.

सहाव्या महिन्याच्या शेवटी थुंकीची तपासणी स्वच्छ आली. वजन पंचेचाळीस. "दवा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी डबा जड लागला. आत शिरा, वर तुपाची धार. सुनंदाने लाजवंतीला दारातच अडवलं. "चुटकीभर तय हुआ था न?"

"वो मरीज़ का हिसाब था, भाभी," लाजवंती म्हणाली. "आज पड़ोसन ने भेजा है."

आम्ही डबा ठेवून घेतला.