बिनआवाजाचा कॉम्प्युटर

नवऱ्याचा नाईटचा आठवडा असला की आमच्याकडे कुकर फळीवरून खाली उतरत नसे. वरण-भात पातेल्यात शिजे. परळीला थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत हे एकट्या माझ्या घरी नव्हतं. ज्या घराची बेल काढलेली आणि खिडकीला दिवसा चादर, तिथला माणूस नाईटला आहे हे भाजीवालीलाही कळायचं. ती त्या दारावरून न ओरडता जायची. बायका धुणं बडवायच्या नाहीत, नुसतं चोळायच्या. लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई पहिल्याच महिन्यात शिकायची की रात्रभर बॉयलरपाशी उभं राहून आलेला माणूस आवाजानं उठतो, आणि तो उठला की दिवस सगळ्यांचाच खराब होतो.

ह्या समजुतीवर मी एक अख्खा कॉम्प्युटर जोडला.

तेव्हा गावोगाव कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. मी परळीतल्याच एका क्लासात शिकवायचे. दुपारी मुलं जेवायला गेली की तासभर मशिनी रिकाम्या असत. त्यातल्या एकीवर मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. मी त्यात चांगली होते. क्लासमधल्या एकाही पोराला माझी वेळ मोडता आली नव्हती. स्वयंपाक, शिवण, शिकवणं सगळं मला येत होतं, पण एक काम हातात असताना पुढचं डोक्यात असायचं. त्या तासात नसायचं. दोन वर्षांनी मालकानं क्लास लातूरला हलवला. पगाराचं मी कसंही भागवलं असतं. तो तास मला परत हवा होता.

त्याच वर्षी बायकांच्या भिशीत माझा नंबर लागला. वीस हजार. मी नवऱ्याला सांगितलं की घरी कॉम्प्युटर घ्यायचाय, आणि कशासाठी तेही सांगितलं. खोटं बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं.

"घे की," तो म्हणाला. "पैसे तुझे हायत. पण नाईटला माझी झोप मोडली तर उचलून गॅलरीत ठेवीन. मग म्हणू नको."

घर दोन खोल्यांचं. तो आतल्या खोलीत झोपायचा, टेबल बाहेरच्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. म्हणजे आधी आवाज बघायचा, मग किंमत, आणि गेम कसा दिसतो ते शेवटी.

बाजारात एक अप्पा होते. आधी रेडिओ आणि मिक्सर विकायचे, मग हैदराबादहून रेल्वेनं कॉम्प्युटरचे पार्ट आणू लागले. कपाळावर भस्माचे पट्टे आणि गल्ल्यावर मदरबोर्डांची चवड. मी त्यांच्यापुढे माझी यादी ठेवली.

"ताई, लोक इचारतेत गेम किती भारी चालतो," अप्पा म्हणाले. "आवाज किती करतो, हे इचारणाऱ्या तुमी पैल्याच. कावून बरं?"

"मालक नाईटला असतात."

"मग कानात कापूस द्या की त्यांच्या. पाच रुपयांत काम होतंय."

"दिला होता. कान दुखतो म्हणाले."

बाजारात रिक्षा आणि टेम्पोंच्या गोंगाटात पंख्याचा आवाज काय कळणार? मी म्हटलं, मला गोडाउनमध्ये बसू द्या. तिथे पोत्यांच्या मागे बसून मी एकेक पंखा तारेला जोडून कानाशी धरला. अप्पा दारात उभे राहून बघत होते. "डॉक्टरीणबाई, लागली का नाडी?" मी पुढचा पंखा उचलला. बारका पंखा जोरात फिरतो आणि किरकिरतो. मोठा पंखा हळू फिरून तेवढंच वारं देतो आणि नुसता घुमतो. मी मोठा घेतला, आणि त्याच्याखाली बसवायला, उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा सगळ्यात जाड ठोकळा. हार्ड डिस्क मिनिटाला चोपन्नशे फेऱ्यांची घेतली. बहात्तरशेची भरभर चालायची, पण तिची शिट्टी ऐकू यायची. पॉवर सप्लाय हातात तोलून घेतला. हलका असतो तो कण्हतो. कॅबिनेट बोटांनी वाजवून बघितलं, माठ वाजवतात तसं. पातळ पत्र्याची दोन बाजूला सारली. मॉनिटर क्लासमधला जुनाच होता, तिथला मालक जाताना स्वस्तात देऊन गेला होता.

शेवटी राहिलं ग्राफिक्स कार्ड. अप्पांनी दोन ठेवली. एकावर छोटा पंखा होता, दुसऱ्यावर नुसती ॲल्युमिनियमची पट्टी. किंमत तीच. त्यांनी दुकानातल्या मशीनवर दोन्ही चालवून दाखवली. पंखेवाल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट झाडं, झाडांच्या सावल्या, काचेवर पावसाचे थेंब. बिनपंख्याच्यावर रस्ता आणि मोटार. झाड कुठे एखादं.

"हे घ्या, ताई," अप्पा पंखेवाल्याकडे बोट करून म्हणाले. "खेळाचाच घेताय ना? मग खेळावानी दिसू द्या."

"झाडं नसली तरी गाडी पळते," मी म्हटलं आणि दुसरं पिशवीत टाकलं.

घरी आणून मी स्वतः जोडला. कुकरचं जुनं रबर कापून त्याचे चार तुकडे हार्ड डिस्कखाली दिले, म्हणजे थरथर पत्र्याला लागणार नाही. सुरू केला तेव्हा नवरा समोर उभा होता. "चालू हाय का बंद?" त्यानं विचारलं. आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ही मी बरीच वर्षं वर ठेवली होती.

बाकी राहिली सीडी. ती आत ठेवल्याशिवाय गेम सुरू होत नसे आणि सुरुवातीला ती घरघरायची. म्हणून नवरा सकाळी शिफ्टवरून येऊन अंघोळीला गेला की मी गेम उघडून ठेवी. मग त्याचं जेवण, झाकपाक, टेबलावर रात्रीत बसलेली थर्मलची राख पुसणं. मुलगी शाळेत. अकरा वाजता मी कानाला हेडफोन लावून बसे. शेजारच्या वहिनींनी एकदा खिडकीतून बघितलं. "अवो, पोरासोरांचा खेळ तुमी खेळता व्हय?" मी म्हटलं, "हो. या, तुम्हालाही शिकवते." त्या हसत निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं.

दुसऱ्या नाईटच्या आठवड्यात नवरा पडदा सारून बाहेर आला. "आवाज येतोय."

मी बंद केला. तो झोपल्यावर पंखा तपासला, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकला. पुढच्या वेळी तो पुन्हा आला, तेव्हा मी कॅबिनेटखाली गोधडीची घडी दिली. मग मला वाटलं, बटणं वाजत असतील. कीबोर्डखाली टॉवेल घातला, माउस बाजूला ठेवून दिला. हिवाळाभर मी आवाज शोधत होते. पाऊण तास गेम आणि उरलेला वेळ कान देऊन बसणं. खोलीत मला माझा श्वास ऐकू यायचा, मशीन नाही. तरी वाटायचं, त्याचे कान रात्रभर मशिनरीत असतात, त्याला बारीकसारीक कळत असेल.

होळी झाली आणि माळ्यावरून कूलर उतरला. लोखंडी पत्र्याचा, एक्झॉस्टच्या पंख्याचा. तो सुरू झाला की आतल्या खोलीत ट्रक उभा केल्यासारखं वाटे. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. त्याच्या बरोबर समोर नवरा पहिल्या दिवशी पाच तास झोपला. मी खूश झाले. आता माझ्या मशीनचा आवाज देवालासुद्धा ऐकू येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बसले, आणि विसाव्या मिनिटाला पडदा सरकला.

"आवाज येतोय."

"अहो, कूलर चालू आहे."

"कूलरचं वेगळं. ह्याचा येतोय."

मला वाद घालण्यापेक्षा तपासून बघणं बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरची वायर प्लगमधून काढून मांडीवर घेतली, हेडफोन लावले आणि काळ्या मॉनिटरसमोर बसून राहिले. आत कूलर गरजत होता. साडेअकराला तो आला. पडद्यातून त्याला माझी पाठ दिसत होती.

"बंद कर म्हणलं ना. आवाज येतोय, झोप लागंना."

मी वायरचं टोक वर करून दाखवलं.

त्यानं त्या टोकाकडे बघितलं. मग तो दाराच्या चौकटीला टेकला. त्याच्या नखांत कोळसा होता, रोजच असायचा.

"मी तिकडं रात्रभर मरतो," तो म्हणाला, "अन् तू इथं मोटारी पळवतीस. कशी लागंल झोप माणसाला?"

"मग हे आधीच सांगायचं. मी आवाजावर वीस हजार घातले."

"सांगायचं काय त्यात? कळत न्हाई का?"

त्याचं काम वाईट होतं, हे मला माहीत होतं. पण मी दहा वर्षं पातेल्यात वरण शिजवत होते, आणि माझ्या वाट्याला दिवसातला एक तास तो शिफ्टला गेल्यावरही येत नव्हता. तेव्हा डबा, पाणी, मुलीचा अभ्यास असे. हे त्याला बोलले असते तरी काही बदललं असतं असं आज वाटत नाही.

महिन्याभरात त्याच्या शिफ्टमधल्या एकानं बहिणीच्या लग्नाची पत्रिका टाइप करून मागितली. मग कुणी अर्ज, कुणी पोराचा प्रोजेक्ट. नवऱ्यानं स्वतःहून एका ऑफिसच्या लिलावातून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला, मोठ्या कागदाचा. स्वतः खांद्यावर घालून आणला. मराठी टायपिंगसाठी हार्ड डिस्कवर जागा कमी पडत होती, तेव्हा गेम मीच काढला. नक्की काढायचा का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हटलं.

पहिलं मोठं काम आलं ते नेमकं नाईटच्या आठवड्यात. एका पतपेढीची चाळीस पानांची यादी, दुपारपर्यंत हवी होती. पाऊस सुरू झाल्यामुळे कूलर माळ्यावर गेला होता, घर शांत होतं. मी प्रिंटर सुरू केला. पत्र्यावर करवत ओढावी तसा तो ओरडू लागला, ओळीमागून ओळ. टेबल हललं. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडावर बोट ठेवून आत पडद्याकडे हात करू लागल्या.

मीही पडद्याकडेच बघत होते. चाळीस पानं निघाली. पडदा हलला नाही. आतून त्याचं घोरणं ऐकू येत होतं.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता. मी फळीवरून कुकर काढला, डाळ-तांदूळ लावले आणि गॅस मोठा केला. चार शिट्ट्या होऊ दिल्या. चौथीनंतर आत जाऊन बघितलं. तो कुशीवर वळला होता, एवढंच.