बोलिव्हियाचं बंदर

गेल्या हिवाळ्यात ब्रॅकनेलहून लंडनला जाताना ट्रेनमध्ये समोरचा तरुण लॅपटॉप उघडून मराठीत स्वतःशीच पुटपुटत होता. मी हसलो, तसा तो पुढे झुकला.

“काका, पाच मिनिटं माझे बॉस व्हाल? आजचं प्रेझेंटेशन फसलं तर नोकरी जाईल, आणि तिच्यामागे व्हिसा.”

घरी मला ही संधी कुणी देत नाही. मी कोट सावरला आणि भुवया चढवल्या.

त्याने जेवणाच्या डब्यातली मिठाची पुडी टेबलावर रिकामी केली. “हे बोलिव्हियाचं मिठाचं मैदान. याच्याखाली लिथियम.” चुरगळलेला मफलर म्हणजे अँडीज पर्वत. पलीकडचं थालीपीठ म्हणजे सखल प्रदेश, तिथे नैसर्गिक वायू. मग एका बोटाने तो मीठ कडेला ढकलू लागला. “आणि माल इथून थेट बोलिव्हियाच्या बंदरावर!”

“अरे, बोलिव्हियाला समुद्रच नाही.”

“असं कसं? नौदल आहे त्यांचं!”

“आहे. ते सरोवरात फिरतं.”

तो पांढराफटक पडला. “पण काका, ही स्लाइड अकरा जणांनी तपासलीय!”

“काय तपासलं?”

“फॉन्ट.”

लंडनचं वॉटर्लू स्टेशन जवळ येत होतं. त्याने डोळे मिटले, बोटं मोडली आणि टाइप केलं: ‘बंदर: दुसरा टप्पा’.

“आणि समुद्र?” मी बॉसच्या आवाजात विचारलं.

“ती क्लायंटची जबाबदारी.”

तो ताठ मानेने उतरला. त्याची नोकरी टिकली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.