सिल्लोडहून आलेलं बिनवजनी पोतं

आता काय सांगू तुम्हाला, त्या पोत्याचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं!

बायकोनं गच्चीवर कुंड्या मांडल्या. नुसती माती भरली तर स्लॅबवर वजन येईल, म्हणून तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, मातीत मिसळायला परलाईट पाठवलं. त्याची सिल्लोडला नर्सरी आहे. पोतं चांगलं कमरेएवढं!

मी मका पिकवणाऱ्या घरातला. भरलं पोतं कसं उचलायचं हे मला शिकवता? पाय रोवले, दम धरला आणि दिला हिसका. पोतं डोक्यावरून मागं आणि पोत्यामागं मी! कमरेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

पोतं फुटलं होतं. आत पांढरे, भुरभुरीत खडे. थर्माकोल! तसाच पडल्या पडल्या फोन लावला.

"काय रे, दाजीला येडा समजलास व्हय?"

"दाजी, दगड हाय तो, ज्वालामुखीचा! भट्टीत तापवला की मक्याच्या लाहीवानी फुलतो. मुळांना हवा मिळती, ओल बी टिकती."

"दगड? मग पाण्यात बुडंल का?"

"नाय, तरंगंल की. हलका हाय ना..."

"बघ! स्वतःच कबूल केलंस!"

फोन आपटला. बादलीत मूठभर खडे टाकले. तरंगले! लगेच व्हिडिओ काढून सासरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'सख्ख्या मेहुण्यानं थर्माकोल पाठवला.' काय गार वाटलं म्हणता!

तेवढ्यात बायको आली, फोन हातात धरूनच.

"माझा भाऊ लबाड? परवा भाऊबीज हाय. त्याला कंच्या तोंडानं ओवाळू?"

तिनं पळीत चार खडे घेतले आणि थेट गॅसवर धरले. थर्माकोल असता तर क्षणात वितळला असता. हे वितळेनात, जळेनात, साधा धूरसुद्धा काढेनात! मेल्यांना माझी जरा तरी दया यावी की नाही?

ग्रुपवर माफी मागितली. सासूबाईंनी नुसता अंगठा पाठवला.

भाऊबीजेला मेहुणा आला, खांद्यावर परलाईटचं दुसरं पोतं घेऊन. मी कमरेला पट्टा बांधून बसलेलो. डॉक्टरांनी तांब्याभर पाणीही उचलायला मनाई केलेली.

मेहुणा जिन्याकडं वळला, तर बायको म्हणाली, "तू बस रे. ह्यांच्याकडं दे. ह्यांना आता तेवढंच झेपतंय."